थर्माकोलवाले परेरासाहेब

परेरासाहेब कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटत. जोरात नाही, पण ऐकू येईल इतकी. मग मान जराशी तिरकी करून जमीन काय म्हणते ते ऐकत आणि मगच खुर्चीत टेकत. लग्नाच्या मांडवात, वरिष्ठांच्या केबिनमध्ये, दवाखान्यात, इतकंच काय, चर्चमध्ये गुडघे टेकण्याआधीही त्यांची टाच आपलं काम उरकून घेई. त्यांच्या पत्नी मार्थाबाई सांगायच्या, "लग्नात वेदीसमोर उभे राहिलो. फादरनी विचारलं, हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का. तर यांनी आधी टाच आपटली. मला वाटलं, आता हे नाही म्हणतात की काय."

मी वसईच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागले तेव्हा त्यांची माझी ओळख या टाचेनेच झाली. ट्रेसर म्हणजे इंजिनियर लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईने गिरवणारी बाई. हा काळ ऐंशीच्या आगेमागचा. कचेरीत बाई म्हणून मी एकटीच होते, म्हणून मला कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. पहिल्याच दिवशी एक बुटके, गोल चेहऱ्याचे, खिशाला तीन पेनं लावलेले गृहस्थ आले, माझ्या खुर्चीशेजारी टाच आपटली आणि म्हणाले, "राऊतबाई, टेबल हातभर पुढे घ्या. खाली पोकळ आहे." हे आमचे उपअभियंता आहेत हे कळल्यावर मी मुकाट्याने टेबल सरकवलं आणि आगाशीला घरी जाऊन आईला सांगितलं की साहेब जरा विचित्र आहे. त्या पावसाळ्यात कोपऱ्यातली फरशी खचली आणि तिथे घुशीचं बीळ निघालं. तेव्हापासून मी त्यांना विचित्र म्हणणं सोडून दिलं. निदान मोठ्याने तरी.

"खाली काय आहे?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कुणी रस्त्याखाली नवी मोरी सुचवली, कुणी घर बांधायला काढलं, कुणी मुलीसाठी स्थळ पाहिलं, साहेबांचा प्रश्न एकच. दुसरं एक वाक्य ते तितक्याच वेळा म्हणत, "वजन वाढवून कुणी वर आलंय का?" हे ते बढती मिळालेल्या माणसालाही म्हणत आणि दुपारी तिसरी पोळी घेणाऱ्या आमच्या हेडक्लार्कलाही. पण ते वाक्य त्यांना कुठून सापडलं हे मला पुढे कळलं. ते तिवरपाड्याच्या रस्त्यावरून आलं होतं.

तिवरपाडा म्हणजे खाडीच्या कुशीतली तीसेक घरं. भातशेती, मिठागरावरची मजुरी आणि थोडी मासेमारी यांवर जगणारी. पाडा आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये खाजणाचा, म्हणजे खाडीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीचा, पट्टा होता. त्यातून रस्ता काढायचं काम साहेबांना मिळालं तेव्हा ते नव्याने लागलेले ओव्हरसियर होते. त्यांनी मुरुमाचा छान उंच भराव टाकला आणि वरून खडी पसरली. पाड्याने नारळ फोडला. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याचा मधला तुकडा खाली बसला. साहेबांनी त्यावर आणखी मुरूम टाकला. तो आणखी बसला. दरवर्षी उन्हाळ्यात भर घालायची आणि पावसाळ्यात ती चिखलाने गिळायची, असं वर्षानुवर्षं चाललं. साहेबांची मध्ये इतरत्र बदली झाली, परत आले, तरी रस्ता तसाच. जून ते ऑक्टोबर तिवरपाडा होडीवर, तीही भरतीच्या वेळेलाच.

"खाली काय आहे ते मी तेव्हा विचारलंच नाही," ते मला एकदा नकाशा समजावताना म्हणाले. "खाली दह्यासारखा गाळ आहे, राऊतबाई, दोन माणसं बुडतील इतका खोल. मिठागरावरचा गडी बघा. रिकामा चालला तर घोट्यापर्यंत रुततो, डोक्यावर मिठाची पाटी घेतली की गुडघ्यापर्यंत. मी काय केलं, तर रुतलेल्या गड्याच्या डोक्यावर दरसाल आणखी एक पाटी ठेवली. वर, हा खाली का जातोय म्हणून डोकं खाजवत बसलो."

हे ते हसून सांगत, पण ते हसू वरवरचं असे. त्या रस्त्यापायी एक गोष्ट घडली होती. पाड्यात भागीबाय म्हणून एक बाई होती. जाडजूड, ठसक्याची, साऱ्या पाड्यावर तिचा शब्द चाले. एका श्रावणात तिची सून बाळंतपणात अडली. तिला दवाखान्यात न्यायला निघालेली जीप रस्त्याच्या मधोमध रुतली आणि होडीला भरतीची वाट पाहावी लागली. सून वाचली, पण मूल गेलं. त्यानंतर साहेब रस्ता बघायला गेले तेव्हा भागीबाय त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्यांना पहिल्या भरावापासून ओळखत होती आणि नुसत्या नावाने हाक मारून अरेतुरेच करत होती. ती एवढंच म्हणाली, "इनास, तू आमाला रस्ता नाय दिला. खड्डा दिला." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं साहेब म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. तिवरपाड्याचा रस्ता उभा करूनच खुर्ची सोडायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. वरिष्ठांनीही स्पष्ट सांगून टाकलं होतं. हा शेवटचा प्रयत्न. जे काही कराल त्याने एक पावसाळा काढला, तर पुढे पक्का रस्ता. नाही काढला, तर फाइल कायमची बंद आणि पाड्याने होडीच वापरावी.

उपाय त्यांना सापडला अर्नाळ्यात, आणि तोही मासळी आणायला गेले असताना. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात नवी शीतखोली बांधत होते. गार हवा जमिनीत जिरू नये म्हणून कारखानदाराने फरशीखाली थर्माकोलच्या जाड लाद्या अंथरल्या होत्या, त्यांवर काँक्रीट आणि त्यावर बर्फाचे ढीग. साहेबांनी सवयीप्रमाणे टाच आपटली. आवाज निराळा आला. "खाली काय आहे?" मालकाने सांगितलं. साहेबांनी उरलेली एक लादी उचलून पाहिली. दारासारखी मोठी, वीतभर जाड, आणि एका हाताने उचलली गेली. समोर तसल्याच लाद्यांच्या डोक्यावर बर्फाने भरलेली हातगाडी खडखडत जात होती. मार्थाबाईंना बोंबील मिळाले नाहीत, पण साहेब ती लादी स्कूटरच्या मागे बांधून घरी घेऊन आले. ती शिडासारखी वारा धरत होती आणि राजोडीच्या वळणावर साहेब स्कूटरसकट माडाच्या आळ्यात उतरले, असं ऐकलं. ते स्वतः हे कधी मान्य करत नसत.

पुढचं सोपं होतं. रस्त्याच्या मधल्या तुकड्यातला वर्षानुवर्षं ओतलेला जड मुरूम उपसायचा, त्या जागी थर्माकोलचे ठोकळे भरायचे आणि वर पातळसा काँक्रीटचा थर देऊन रस्ता करायचा. गड्याच्या डोक्यावरची पाटी काढून घ्यायची, म्हणजे तो बुडायचा थांबतो. परदेशात कुठेतरी बर्फाळ मुलखात पुलाजवळच्या दलदलीत असं केल्याचं त्यांनी एका जुन्या तांत्रिक मासिकात शोधूनही काढलं. सोपं होतं ते साहेबांना. कचेरीत मात्र हसू आवरेना. त्या काळात थर्माकोल म्हणजे गणपतीचं मखर आणि लग्नाच्या स्टेजवरची नवरानवरीची नावं. "साहेब रस्त्याचं मखर करतायत," हेडक्लार्क म्हणाले. "मोरीच्या दोन्ही अंगांना मोर लावा म्हणावं." तेव्हापासून त्यांचं नाव थर्माकोलवाले परेरासाहेब पडलं. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "चला, मुरूमवाल्यापेक्षा बरं."

वाद घालण्यापेक्षा त्यांनी अंगणात ती लादी पुरली, वर फरशी टाकली आणि कचेरीचा ट्रक मागचं चाक त्यावर ठेवून उभा करायला लावला. कुठेही जाऊन आला की ट्रकचं ते चाक तिथेच. ड्रायव्हर वैतागला. काही महिन्यांनी फरशी उचलली तर लादी जशीच्या तशी, कडेला जरा दबलेली. सगळे वाकून बघत असताना हेडक्लार्कनी, त्यांना गप्प बसवत नव्हतं म्हणून, स्कूटरच्या टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीच्या झाकणात आणून तिच्यावर ओतलं. लादी फसफसली आणि तिथे साखर विरघळावी तसं भोक पडलं. "आता बोला," हेडक्लार्क म्हणाले, "रस्त्यात टँकर उलटला म्हणजे?"

मला वाटलं, संपलं. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी हेडक्लार्कचा हात धरून हलवला आणि म्हणाले, "शाबास. हे मला सुचलंच नव्हतं. आणखी काही आक्षेप असेल तर आत्ता घ्या, रस्ता झाल्यावर महाग पडेल." ते खरंच खूश झाले होते. त्याच दुपारी त्यांनी नकाशात ठोकळ्यांभोवती जाड प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि वरचा काँक्रीटचा थर अखंड केला. मी सगळा नकाशा पुन्हा गिरवला. माणूस आपली चूक दाखवणाऱ्यावर इतका खूश होऊ शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरी तर मिठाचं प्रमाण चुकलं असं म्हटलं तरी दोन दिवस अबोला चालायचा.

मंजुरी आली आणि उन्हाळ्यात काम सुरू झालं. आखणी तपासायच्या निमित्ताने मीही दोनचारदा तिवरपाड्याला गेले. मुंबईहून ट्रक भरून पांढरेशुभ्र ठोकळे आले, एकेक कपाटाएवढा. ते दोन माणसं हसत हसत वाहून नेत होती. पाड्याचे लोक रस्त्याच्या कडेला बसून बघत. त्यांना यात काही दम वाटत नव्हता. भागीबायने एका ठोकळ्याला बोट लावलं, नखाने टोकरलं, आणि साहेबांना म्हणाली, "इनास, आदी मातीचा केला तो बुडाला. आता हा कापसाचा करतंस?"

"माती जड म्हणून बुडाली, बाय. हा हलका आहे."

"हलकी गोष्ट कुठं टिकते?"

साहेब तिला म्हणाले, "एक पावसाळा थांब." ती म्हणाली, "थांबूनच हाय. जानार कुठं?"

तरीसुद्धा काम पुढे सरकू लागलं तसं पाड्याचं मन मऊ होत गेलं. खंदकात ठोकळ्यांच्या रांगा नीट बसल्या. दुसऱ्या दिवशी वर काँक्रीट ओतायचं ठरलं. आणि इथे पाड्याच्या चालीरीतीने घोळ घातला. खाजणाच्या बाहेरच्या बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे फळ्यांचं दार. ते बंद असलं की खाडीचं पाणी बाहेर राहतं. या पाड्यात पूर्वीपासून अशी रीत होती की गावासाठी कुणीही अंगमेहनत केली, बांध घातला, विहीर उपसली, की काम संपताना त्याला गावाने जेवण घालायचं. आणि ते जेवण उघाडीच्या मासळीचं. भरतीच्या वेळी फळ्या वर उचलायच्या, पाणी आत घ्यायचं, मग तोंडाशी जाळं बांधायचं आणि ओहोटीला पाणी बाहेर जाताना कोळंबी गोळा करायची. रस्त्यावर इतके दिवस राबणाऱ्या गड्यांना उपाशी पाठवायचं म्हणजे पाड्याची अब्रू गेली असती. तेव्हा कुणालाही न विचारता, कारण जेवणाचं कुणी विचारत नसतं, त्यांनी पहाटेच्या भरतीला उघाडी उचलली.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सगळं खाजण पाण्याने भरलं होतं आणि त्यावर पांढरे ठोकळे तरंगत होते. काही तिवरांच्या झुडपांत अडकले होते, काही बांधाकडे निघाले होते, एकावर बगळा बसला होता. खंदकात नुसतं पाणी. पाड्याचे लोक बांधावर रांगेने उभे होते. त्यांना काय झालं ते कळलं होतं आणि ते कुणी केलं तेही. भागीबायच्या हातात कोळंबीची पाटी होती, ती कुठे ठेवावी हे तिला समजत नव्हतं. पाऊस उंबरठ्यावर, साहेबांच्या नोकरीचे मोजके दिवस, आणि कचेरीत ही बातमी पोचली की हेडक्लार्कच काय, वरिष्ठही फाइल बंद करायला मोकळे.

साहेब बांधावर बसले. भागीबाय पाटी घेऊन जवळ आली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "इनास, आमी गड्यांना जेवाया घालाया..."

"कोळंबी किती मिळाली?" साहेबांनी विचारलं.

तिने पाटी पुढे केली. भरपूर होती. साहेबांनी एक उचलून न्याहाळली आणि म्हणाले, "चांगली आहे. आणि बाय, तू माझ्यावर मोठे उपकार केलेस." तिला वाटलं, साहेब टोमणा मारतायत. मलाही तेच वाटलं. पण ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा तसाच झाला जसा पेट्रोलच्या दिवशी झाला होता. "राऊतबाई, जुलैत खाजण पावसानं भरतंच. तेव्हा वर रस्ता झालेला असता आणि खालून पाण्यानं तो असाच उचलला असता, वर एखादी गाडी असताना. मी जन्मभर खाली काय आहे ते विचारत राहिलो. पण बाजूनं काय येईल ते विचारायचं राहिलंच. हे यांनी आज दाखवून दिलं, आणि जेवणसुद्धा देतायत."

मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. ते बघून सगळा पाडा पाण्यात उतरला. होड्या सुटल्या. बाया लुगडी खोचून ठोकळे ढकलत काठाला आणू लागल्या. बांधाच्या उघाडीतून निसटून पलीकडच्या वाडीला गेलेला एक ठोकळा तिथल्या लोकांनी जाळं तरंगतं ठेवायला कापायला घेतला होता. तो आणायला भागीबाय स्वतः गेली. येताना मात्र होडीत जागा नव्हती, तर ती ठोकळ्यावरच बसली आणि होडीने तो ओढत आणला. एवढी वजनदार बाई त्या पांढऱ्या ठोकळ्यावर मांडी घालून, एका हाताने पदर सावरत, खाजणातून येत होती. सकाळपासून पहिल्यांदा लोक हसले. ती उतरली, ठोकळ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "दम हाय रं याच्यात." दुपारी सगळ्यांनी बांधावर बसून भात आणि कोळंबीचं कालवण खाल्लं. साहेबांनी दोनदा भात घेतला. वजन वाढवण्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ते पुढचे दिवस मी विसरणार नाही. साहेब माझ्या टेबलाशी बसून पेन्सिलीने आकडे मांडत. ठोकळ्यांवर इतकं वजन हवं की पाण्याला ते उचलता येऊ नये आणि इतकंच हवं की गाळाला ते जाणवू नये. या दोन्हींच्या मधे अगदी चिंचोळी जागा होती. ते ती शोधत होते. ठोकळ्यांची एक रांग कमी झाली, काँक्रीट थोडं जाड झालं, बाजूंना मुरुमाचे खांदे आले, पाणी साचू न देता पलीकडे काढून देणारे पाइप आले. मी पुसत होते, गिरवत होते, पुन्हा पुसत होते. हेडक्लार्कनी काही न बोलता आमच्यासाठी चहा मागवायला सुरुवात केली. वरिष्ठांनी नवा नकाशा पाहिला, सुस्कारा सोडला आणि सही केली. पाड्याचे लोक मजुरीला आले. उघाडीला भागीबायने कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधली.

काम पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. ते स्वतः बोलायला उठले आणि एवढंच म्हणाले, "माझं मूल्यमापन सप्टेंबरमध्ये करा." लोकांना तो विनोद वाटला. मला तो वाटला नाही. या माणसाचं सगळं आयुष्य त्या मधल्या तुकड्यावर उभं होतं आणि तो आता कचेरीच्या गाडीने जाऊन बघूही शकणार नव्हता.

त्यातच जूनच्या शेवटी त्यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. पाऊस मात्र त्या वर्षी असा लागला की आमच्या वाडीतल्या केळी आडव्या झाल्या. मी रविवारी त्यांच्याकडे जायची. पिवळा पडलेला तो गोल चेहरा उशीवर बघवत नसे. मार्थाबाई माझ्या कानात सांगत, "औषध घेतात, पण अंगाला लागत नाही. छपरावर पावसाचा आवाज वाढला की डोळे उघडतात." मी गेले की पहिला प्रश्न रस्त्याचा. मी सांगायची, रस्ता ठीक आहे. हेडक्लार्क आले, त्यांनीही सांगितलं, ठीक आहे. साहेब मान हलवायचे आणि छताकडे बघायचे. "आजाऱ्याला सगळे ठीकच सांगतात," ते एकदा म्हणाले. "माझी आई गेली तेव्हाही मी तिला सांगत होतो, बरी होशील."

मी स्वतः तिवरपाड्याला जाऊन आले. दोन्ही बाजूंना खाजण तुडुंब भरलं होतं आणि मधून रस्ता सरळ गेला होता. मी त्यावरून चालले, मधल्या तुकड्यावर थांबले, कडेच्या पाइपांतून पाणी कसं पलीकडे जातंय ते पाहिलं. परत येऊन साहेबांना सगळं बारकाईने सांगितलं. ते ऐकत राहिले, म्हणाले, "तुम्ही चालत गेलात. तुमचं वजन किती." मला राग आला आणि रडूही आलं. या माणसाला कशाने पटणार होतं ते मला कळेना.

जुलैच्या मध्यावर, अमावस्येच्या उधाणाचे दिवस होते, मी त्यांच्या पलंगाशेजारी बसले होते. दुपारची वेळ. बाहेर धो धो पाऊस. अंगणात गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि मार्थाबाईंनी दार उघडलं. दारात भागीबाय उभी होती. डोक्यावर इरलं, हातात मोठी टोपली. तिच्यामागे तिची सून, कडेवर वर्षभराची मुलगी. सूनबाईला दुसरं बाळ झालं होतं हे मला माहीत होतं, पण मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. तिवरपाड्याची भागीबाय जुलैत वसईला कधीच आलेली नव्हती. आषाढात ती पाड्याबाहेर पडली तर फक्त होडीतून, आणि तेही मरणाबिरणाला.

साहेब उशीवरून उठायला लागले. मार्थाबाईंनी त्यांना आधार दिला. साहेबांनी विचारलं, "भागीबाय, होडीनं आलीस?"

"नाय. टेंपोनी. भाजीचा टेंपो येतो आता आमच्याकडं."

"उधाण आहे आज. रस्त्यावर पाणी होतं?"

"मना काय ठाव." ती टोपली खाली ठेवत म्हणाली. तिने इरलं काढून भिंतीला टेकवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"ठाव नाही म्हणजे? तू रस्त्यानंच आलीस ना? तो मधला तुकडा... तिथं टेंपो हादरला का, थांबला का?"

भागीबाय जरा ओशाळली. तिने सुनेकडे पाहिलं. सून हसायला लागली आणि म्हणाली, "साहेब, सासू पाड्यातून निघाल्यावर झोपली. पार इथं तुमच्या दारात आल्यावर मी उठवली."

साहेबांनी भागीबायकडे पाहिलं, मग मार्थाबाईंकडे, मग माझ्याकडे, जणू आम्हीही ते ऐकलं की नाही याची खातरी करून घेत होते. मग ते हळूच उशीवर मागे टेकले आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"रागावलास काय रं?" भागीबायने विचारलं. "पाऊस पडत व्हता. गाडी एकसारकी चालली. डोला लागला."

साहेबांनी डोळे न उघडता हात पुढे केला. भागीबायने तो आपल्या ओल्या हातात घेतला. ते मार्थाबाईंना म्हणाले, "पाट मांड. आज मी जेवीन म्हणतो."